गाभाऱ्याची भिंत आणि इडोनीआजीचा डोळा

ऑर्ल्सबीच्या चर्चला उत्तरेकडून नवी ओसरी बांधून झाली आणि पहिल्याच रविवारी तिच्यात खोट निघाली. दगड पक्के होते, छप्पर गळत नव्हतं. फक्त इडोनीआजीला वेदी दिसत नव्हती.

ओसरी गवंडी हॅमोने बांधली होती. पूजेला सगळं गाव मंडपात उभं राही. गुडघे गेलेल्यांनी तेवढं भिंतीलगतच्या दगडी कट्ट्यावर बसायचं. तो कट्टा आता ओसरीत सरकला होता आणि मध्ये गाभाऱ्याची भिंत आली होती. घंटा वाजली, पाद्री फुल्कबाबांनी पवित्र भाकर दोन्ही हातांनी उंच धरली, गावाने ती डोळे भरून पाहिली. आजीने चुना पाहिला.

गावाचा समज असा, की रविवारी ती भाकर पाहिली, म्हणजे पुढल्या रविवारपर्यंत अवचित मरण येत नाही. आजीने त्या दिवसापासून लांबणारी कामं बंद केली. पाव भाजायची तोही अर्धाच. कोंबडी खुडूक झाली, तरी तिला अंड्यांवर बसवली नाही.

"एकवीस दिवस लागतात," ती हॅमोला म्हणाली. "मधेच मी गेले तर पिलांचं कोण बघणार? तू?"

"मी भिंतीला भोक पाडून देतो, आजी."

"दे बाबा. या ओसरीला मी मेंढी दिली. भिंतीआड बसायला कोणी मेंढी देतं का?"

हॅमो फुल्कबाबांकडे गेला. बाबा म्हणाले, "मंडपाची डागडुजी गावाने करायची, गाभाऱ्याची मी. जुनी रीत आहे. भिंतीच्या तुमच्या अंगाला काय हवं ते करा. माझ्या अंगाचा दगड हलता कामा नये."

"मग भोक आरपार कसं जाणार?"

"गवंडी तू की मी?"

भिंतीला दोन्ही अंगांनी हॅमोनेच पूर्वी बसवलेला घडीव दगड होता आणि पोटात खडी-चुना. पोट कोणाचं, ते बाबा बोलले नव्हते. हॅमोने आजीला दिवसभर कट्ट्यावर बसवलं. ती टकळीवर लोकर कातत राहिली आणि तो तिच्या डोळ्याच्या उंचीवरून, वेदीच्या रोखाने तिरकं कोरत गेला. पोटातली सगळी खडी त्याने काढली आणि बाबांच्या दगडाच्या पाठीशी येऊन थांबला.

रविवारी आजीने भोकात तोंड घातलं.

"काय दिसतं?" हॅमोने कुजबुजत विचारलं.

"दगड. चांगला बसवलाय."

तेवढ्यात घंटा वाजली. आजीला गप्प बसायची सवय नव्हती, आणि दगडांच्या सांध्यातून आवाज थेट गाभाऱ्यात निघत होता.

"उचलली का?" गाभाऱ्याची भिंत म्हणाली.

फुल्कबाबा अडखळले, मंत्र चुकले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"एवढा वेळ लागतो होय?" भिंत म्हणाली. "हात दुखतायत का तुमचे?"

सोमवारी सकाळी बाबा स्वतः हॅमोच्या दारात आले.

"तो दगड काढ."

"पण बाबा, तुमच्या अंगाचा—"

"काढ म्हणतो ना!"

पुढच्या रविवारी आजीने भोकाला डोळा लावला. घंटा वाजली. हॅमो शेजारी उभा होता.

"दिसली!" आजी ओरडली. मग जरा खालच्या आवाजात, "पूर्वी मोठी असायची."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आजच कोंबडी बसवते."

"पण आजी, मुदत आठवड्याचीच ना?"

"एकवीस दिवसांत पुढले रविवार किती?"

हॅमोने बोटं मोजली. "तीन."

"मग झालं तर."

ते तिन्ही रविवार भिंतीतून "दिसली!" असं ऐकू येईपर्यंत फुल्कबाबांनी हात खाली घेतले नाहीत. तिसऱ्या रविवारी पावसाळी अंधार होता. त्या दिवशी त्यांना बराच वेळ उभं राहावं लागलं.

पिलं निघाली अकरा. आजीने एक हॅमोला दिलं.

"भोकाबद्दल?" त्याने विचारलं.

"छे! त्याची मेंढी मी आधीच दिली होती. हे त्या दगडाबद्दल. फार नीट बसवला होतास."