बारीक झालेली जाऊ

"संपदा, दोन घासांत पोट गच्च होतं गं माझं. काहीतरी बिघडलंय."

मागच्या दिवाळीत फराळाची बशी बाजूला सारत थोरल्या जावेनं, केतकीनं, हे सांगितलं तेव्हा संपदानं नाक मुरडलं होतं. "नशीबवान आहेस, ताई. आम्ही पाणी प्यायलो तरी फुगतो."

आशय झाल्यापासून संपदाच्या अंगावर एकही जुना ब्लाऊज चढत नव्हता, आणि केतकी आपले ब्लाऊज आत घेत बसायची. सोनागिरी या त्यांच्या हिंदीभाषक वस्तीतल्या बायका हळदीकुंकवाला तिलाच विचारायच्या, "कौनसी डाएट गं?" त्यात पोटचा पोरगाही सदा काकूच्या कडेवर! संपदाचा नुसता जळफळाट.

उन्हाळ्यात केतकीचा उजवा डोळा पुढे आल्यासारखा दिसू लागला. पहिल्यांदा दिसला तो संपदालाच. रोज इतकं निरखून तिला दुसरं बघतंय कोण? पण ती बोलायच्या आत सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. "कुणाची दृष्ट लागली हो माझ्या सुनेला!"

माझ्या सुनेला! म्हणजे संपदा काय भाडेकरू? ती मूग गिळून बसली. डोळ्याचं बोललं तर दृष्ट हिचीच म्हणतील, चोराच्या मनात चांदणं.

मग एका सकाळी केतकीनं चहा कपाबाहेर ओतला. "मला दोन-दोन कप दिसतायत गं."

"साडी बदल, ताई. रिक्षा बोलावते."

जवळच्याच इंद्रपुरीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्कॅन करून घेतला. "आँख के पीछे गाँठ है. कहीं और से भी आई हो सकती है. खाना ठीक? वजन घटा?"

"नहीं, सब ठीक है," केतकी हसली.

"झूठ!" संपदा उसळली. "दिवाली से आधी रोटी खाती है. उल्टी होती है तो नल चालू कर देती है. सारे ब्लाउज छोटे किए!"

केतकी बघतच राहिली. "तू हे सगळं बघत होतीस?"

"मग? जळत होते ना!"

गाठीचं मूळ जठरात निघालं. पोटाचा कॅन्सर डोळ्याच्या खोबणीत जाणं फार क्वचित, असं मोठ्या इस्पितळात म्हणाले. उपचार सुरू झाले. भरवसा कुणी दिला नाही.

आता सासूबाई केतकीला पेज भरवतात, आशय तिच्याच उशाशी लोळतो. संपदाला अजून टोचतं. खोटं कशाला बोला? तरी वाटीत पेज किती उरली, ते तीच वाकून बघते.

तुमच्याही घरात कुणी हेवा वाटावा अशी बारीक झाली असेल. तिला डाएट नका विचारू. आज तिच्या समोर जेवायला बसा, आणि ती किती जेवते ते बघा.