औषधाचं विरजण

“हलवू नको गाडगं. लागू दे नीट,” दगडाबाई म्हणाली. योगितानं उचललेलं झाकण पुन्हा ठेवलं.

गाडगं चुलीमागच्या उबेत होतं. त्यात म्हशीचं कोमट दूध आणि कॅप्सूल फोडून सोडलेली पांढरी भुकटी. दुसरं कसलंही विरजण दगडाबाईनं घातलं नव्हतं.

योगिता तिची लेक. आतड्यात जखमा होऊन तिला रक्त पडायला लागलं, तेव्हा नवऱ्यानं तिला आष्टीजवळच्या या वस्तीवर आणून सोडलं आणि पुन्हा फिरकला नाही. सगळी औषधं झाली. मग नगरच्या एका दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी चालली होती, तिथं तिचं नाव लागलं. तिथल्या वनिता मॅडमनी समजावून सांगितलं होतं, “मावशी, यात दह्याताकातलेच जिवाणू आहेत. त्यांच्यात थोडा बदल केलाय. पोटात गेले की सूज उतरवणारं प्रथिन ते तिथंच तयार करतात.”

दगडाबाईला त्यातलं दही तेवढं कळलं. पण गुण आला. रक्त थांबलं. योगिता शेळ्यांमागं माळावर जायला लागली. आणि मग मॅडमचा फोन आला, की बाकीच्या रोग्यांना म्हणावा तसा फरक पडला नाही, चाचणी बंद होतेय. हातातली बाटली शेवटची.

“विरजण कधी संपतं का?” दगडाबाई तेव्हा म्हणाली होती. “माझ्या सासूनं तिच्या माहेराहून आणलेलं मी अजून लावतेय. सासू गेली, दही हाय.”

“तुला डाक्टरीणच करायला पायजे होती, माय,” योगिता हसली होती.

सकाळी झाकण काढलं तर दही असं घट्ट लागलं होतं, की कापलं तर वडी पडावी. दगडाबाईनं गाडग्याला हात जोडले. त्या दिवसापासून कॅप्सूल बंद. त्या अडीनडीला राहू द्यायच्या, असं दोघींनी ठरवलं. बाटली शेजारच्या भिवराबाईच्या फ्रीजमध्ये होती, ती तिथंच राहिली. योगिता रोज वाटीभर दही खायची आणि त्यातलंच विरजण दुसऱ्या दिवशीच्या दुधाला लागायचं.

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी योगिता परसाकडून आली ती भिंत धरत.

“कावून गं? काय झालं?”

“कुठं काय.”

दगडाबाईनं त्या दिवसापासून दह्याची वाटी मोठी केली.

महिना उलटला आणि वनिता मॅडम जीपनं वस्तीवर आल्या. सोबत बर्फाचा डबा होता. उरलेलं औषध परत न्यायचा नियम होता. योगिता भिवराबाईकडून बाटली घेऊन आली. मॅडमनी ती उजेडात धरली.

“एवढ्या उरल्या कशा? घेतल्या नाहीस?”

योगिता मायकडं बघायला लागली. दगडाबाईनं गाडगं आणून पुढं ठेवलं आणि काय केलं ते सगळं सांगितलं. मॅडम बाजेच्या कडेवर टेकल्या.

“मावशी, हे जिवाणू बाहेर जगत नाहीत. मुद्दाम तसेच केलेत. नाहीतर बदललेले जिवाणू गावभर पसरतील. त्यांना लागणारा एक खुराक कॅप्सूलमध्येच असतो. तो संपला की ते मरतात.”

“मग ह्ये कशानं लागलं?”

“गाडगं जुनं आहे ना? आधीचं दही त्याच्या मातीत मुरलेलं असतं. त्यानं लागलं.”

दगडाबाई गाडग्याकडं बघत राहिली.

“मंग त्या गोळ्या ऱ्हाऊ द्या. आता खाईल ती.”

“नाही ठेवता येत, मावशी. चाचणी बंद झाली. उद्या हिला काही झालं तर जबाबदार कोण? दवाखान्यात या, जुनी औषधं पुन्हा सुरू करू.”

“ती लागू पडली न्हाईत, म्हणून तर तुमच्याकडं आलतो.”

योगितानं मॅडमच्या हातातली बाटली घेतली, बर्फात खोचली आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

“जावा मॅडम. तुमाला उशीर होतोय.”

जीप गेली. धुरळा बसेपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या. मग दगडाबाईनं गाडगं उचललं आणि उकिरड्याच्या वाटेला लागली.

“कुठं निघालीस?”

“वतून येते.”

“कावून? दही तर हाय ना ते? मला भूक लागलीय.”

दगडाबाई माघारी फिरली. योगितानं टोपल्यातली भाकरी घेतली, ताटलीत कुस्करली आणि चुलीपाशी बसली. दगडाबाईनं वर दही वाढलं. योगितानं एक घास खाल्ला आणि थांबली.

“मीठ दे की.”

औषध म्हणून इतके दिवस तिनं ते अळणीच खाल्लं होतं. दगडाबाईनं मिठाची बरणी तिच्यापुढं सरकवली.