बटण कोणी दाबलं

माझी बायको मार्लिस होती तेव्हा मी कॅमेरा क्लबचा सभासद नव्हतो, हमाल होतो. एकोणीस वर्षं. ट्रायपॉड खांद्यावर, लेन्सची पिशवी पाठीवर, थर्मास हातात. ती पुढे चालायची आणि मागे न बघता म्हणायची, "वर्न, सांभाळून. त्यात काच आहे." माझ्या गुडघ्यांबद्दल तिला इतकी काळजी कधी वाटली नाही.

ती मे महिन्यात गेली. सप्टेंबरात क्लबने मला अध्यक्ष केलं. दया म्हणून केलं असं मला आधी वाटलं, पण तसं नव्हतं. क्लबात बावीस माणसं आहेत आणि प्रत्येकाच्या फोटोला उरलेल्यांपैकी कोणीतरी कधीतरी नावं ठेवलेली आहेत. माझा फोटोच नव्हता, त्यामुळे माझं कोणाशी वाकडं नव्हतं. ट्वायलाने माझं नाव सुचवलं तेव्हा मी कॉफीचं भांडं भरायला गेलो होतो. परत आलो तर सगळे टाळ्या वाजवत होते. मला वाटलं कॉफी आली म्हणून.

काम तसं अवघड नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी चर्चच्या तळघरात खुर्च्या मांडायच्या, पडदा सोडायचा, बाहेरगावच्या परीक्षकाला रस्ता सांगायचा. परीक्षक कुठूनही आला तरी त्याला फोटोच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका दिसतो आणि तो ठिपका त्याला छळतो. मग ज्याचा फोटो असेल त्याने तोंडावरची रेष हलू द्यायची नाही, कारण फोटो कोणाचा हे गुण मिळेपर्यंत कळता कामा नये. महिन्याचा विषय ठरवणं हे दुसरं काम. कोणताही विषय द्या, नेब्रास्कातली माणसं जुन्या पडक्या गोठ्याचाच फोटो आणतात. एका वर्षी मार्लिसने गोठ्यांवर बंदी आणली. त्या वर्षी सगळ्यांनी गोठ्याशेजारच्या धान्याच्या कोठीचे फोटो आणले.

तिसरं काम म्हणजे डेलबर्टला सांभाळणं. डेलबर्टने चाळीस वर्षं काउंटीच्या मोजणी खात्यात जमिनी मोजल्या. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून तो आमच्या नियम समितीचा प्रमुख झाला. समितीत तो एकटाच आहे. क्लबचे नियम त्यानेच लिहिलेत, एकूण बेचाळीस. माणूस वाईट नाही. फक्त त्याच्याशी बोलताना शेताच्या बांधावर उभं राहून बोलल्यासारखं वाटतं, इकडे पाय पडला की तिकडचा मालक ओरडणार.

वर्षातले बारा सर्वोत्तम फोटो एप्रिलमध्ये गावच्या वाचनालयात लागतात आणि पुढच्या एप्रिलपर्यंत तिथेच राहतात. प्रत्येकाखाली नावाची पाटी असते. या वर्षीच्या बारात पहिला आला होता मार्लिसचा क्रौंच पक्ष्यांचा फोटो. तिने काढलेला शेवटचा. गेल्या एप्रिलच्या स्पर्धेत त्याला पूर्ण गुण मिळाले होते. परीक्षकाला ठिपकासुद्धा सापडला नव्हता.

घोळ मी घातला. फेब्रुवारीच्या सभेआधी आमच्या क्लबात चिली नावाचा राजम्याचा तिखट रस्सा आणि दालचिनीचे गोड रोल असतात. पोट भरलं की माणूस बोलतो. फोटोचा विषय निघाला, ट्वायला म्हणाली, तेव्हा मार्लिसला कॅमेरा उचलवला कसा कोण जाणे. आणि मी सांगून बसलो. उचलवला नव्हताच. औषधांनी तिच्या बोटांतली ताकद गेली होती. नदीकाठी ती घडीच्या खुर्चीत दोन ब्लँकेटं पांघरून बसली आणि मला ट्रायपॉडमागे उभं केलं. कुठे उभं राहायचं ते तिने सांगितलं, कॅमेऱ्याचे आकडे तिने लावून घेतले, थोडं खाली, थोडं डावीकडे, आता हलू नकोस. मग चाळीस मिनिटं आम्ही थांबलो. मी म्हटलं, माझं बोट गारठलं. ती कुजबुजली, "आज ते बोट तुझं नाही, माझं आहे. गप उभा राहा." मग ती म्हणाली "आता", आणि मी दाबलं. एकच फोटो.

ट्वायलाने नाक पुसलं. मलाही जरा बरं वाटलं, कारण नऊ महिन्यांत मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. तेवढ्यात डेलबर्टने चमचा खाली ठेवला आणि खिशातून नियमांची वही काढली.

"नियम सातवा," तो म्हणाला. "फोटो त्याचा, ज्याने बटण दाबलं."

हा नियम त्याने वीस वर्षांपूर्वी केला होता, एक सभासद पुतण्याचे फोटो आपले म्हणून आणायचा तेव्हा. आता त्याच्या म्हणण्याप्रमाणे फोटो माझा होता. पाटीवर मार्लिसचं नाव लावता येणार नव्हतं. माझं लावावं, नाहीतर फोटो बारातून काढावा. आणि पुढे तो हेही म्हणाला, की तो काढला तर पहिला नंबर त्याच्या स्वतःच्या फोटोला जातो, पण त्याला यात काही आनंद नाही, हे नोंदवून घ्यावं. मी अध्यक्ष होतो. मी नोंदवून घेतलं.

ट्वायला सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवत होती. तिला आवाज चढवावा लागत नाही. तिने विचारलं, मागच्या वर्षी तिच्या ब्लू जे पक्ष्याला दुसरा नंबर मिळाला, तो फोटो कसा निघाला होता हे डेलबर्टला ठाऊक आहे ना. दाण्यांच्या थाळीजवळ यंत्र लावलेलं होतं, पक्षी समोर आला की कॅमेरा आपोआप चालायचा. ती तेव्हा घरात कपडे वाळवत होती.

"म्हणजे बक्षीस ब्लू जेचं," ती म्हणाली. "आणि तुझा तो विजेचा फोटो. वीज चमकली की बटण आपोआप दाबलं जातं ना तुझं? मग तुझी बक्षिसाची फीत देवाला देऊन टाक."

सगळे हसले. डेलबर्ट हसला नाही. तो विचार करत बसला आणि रोल तसाच ठेवून घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारातल्या पेटीत एक पाकीट होतं. आत त्याची निळी फीत आणि चिठ्ठी, की ट्वायलाचं म्हणणं बरोबर आहे, फीत परत करत आहे, आणि तिनेही करावी. मी ट्वायलाला फोन केला. ती म्हणाली, डेलबर्टला सांग, पक्षी भेटला की विचारते.

मला भांडता आलं नाही. मी आयुष्यभर शेतातले पाण्याचे पंप दुरुस्त केले. पंप चालतो किंवा चालत नाही. नियमाप्रमाणे बटण मी दाबलं होतं, हे खरंच होतं. पण त्या पाटीवर माझं नाव वर्षभर बघायचं, या विचाराने मला जेवण जाईना. मार्लिसचं नाव आता गावात दोनच ठिकाणी असणार होतं, आणि दुसरं ठिकाण दफनभूमीत होतं.

मार्चच्या सुरुवातीला डेलबर्ट घरी आला. बूट दारात काढले, कॉफी नको म्हणाला, आणि उभ्याउभ्याच तोडगा सांगितला. मला तोच कॅमेरा घेऊन त्याच जागी न्यायचं. मी एकट्याने फोटो काढायचे, कोणी काही सांगायचं नाही. चांगला निघाला तर मी छायाचित्रकार, आणि तो जुना फोटोही माझा. नाही निघाला तर तो माझा असूच शकत नाही, मग नियमाचा पुन्हा विचार करता येईल. जमीन मोजताना खूण सापडली नाही की आम्ही पुन्हा पहिल्या खुंटापासून मोजतो, तो म्हणाला.

ट्वायला साक्षीदार म्हणून यायला तयार झाली. पिकअपमध्ये बसताना तिने माझ्या कानात सांगितलं, "वाईट काढ म्हणजे झालं."

पण डेलबर्टने माझ्याकडून शब्द घेतला होता की मी मनापासून प्रयत्न करीन. शिवाय मार्लिसच्या कॅमेऱ्याने मुद्दाम वाईट फोटो काढणं मला जमलं नसतं. तेव्हा चांगलं काढायचा प्रयत्न करायचा आणि चांगलं निघू नये अशी प्रार्थना करायची, असं मी ठरवलं. ही प्रार्थना बहुधा वर नेहमी येत नसावी, कारण सुरुवातीला ती ताबडतोब मंजूर झाली.

ती जागा म्हणजे नदीकाठची फळ्यांची एक लांब खोली, पक्ष्यांना लपून बघायला केलेली, आणि तिच्या भिंतीला चौकोनी भोकं आहेत. संध्याकाळी क्रौंच शेतांतून नदीत मुक्कामाला येतात, हजारोंनी. आत बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. देखरेखीला एक बाई असतात, त्या नुसत्या बघतात आणि माणूस गप्प होतो. मी भोकातून कॅमेरा बाहेर काढला आणि सुरू झालो. पहिल्या तासात तीनशेच्या वर फोटो काढले. भोकाची चौकट आली. पाणी आलं. अर्धे पक्षी आले, कधी पुढचे अर्धे, कधी मागचे. एका फोटोत फक्त डेलबर्टची टोपी आली, ती कशी आली ते आम्हाला अजून कळलेलं नाही. ट्वायला कॅमेऱ्याच्या पाठीवर बघायची आणि समाधानाने मान हलवायची.

डेलबर्टची मात्र अवस्था वाईट होती. तो माझ्या मागे हात खिशात घालून उभा होता. मी चुकीच्या वेळी बटण दाबलं की त्याच्या घशातून बारीक आवाज यायचा. मी योग्य वेळी दाबायचं विसरलो की त्याचा बूट फळीवर आपटायचा. नियम त्याचाच होता, काही सांगायचं नाही. सूर्य झाडांच्या रेषेवर टेकला. दोन क्रौंच थव्यातून वेगळे झाले आणि पाय खाली सोडून आमच्या समोर उतरू लागले. मी तेव्हा नाक पुसत होतो.

"आता," डेलबर्ट म्हणाला. "अरे दाब ना बाबा, आता."

मी दाबलं.

देखरेखीच्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. डेलबर्टच्या ते लक्षातही आलं नाही. आम्ही तिघं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर वाकलो. दोन पक्षी, चारही पाय लोंबलेले, मधोमध सूर्य. मला फोटोतलं फार कळत नाही, पण एकोणीस वर्षं पिशवी वाहिल्यावर चांगला कोणता तेवढं कळतं. मी मनात म्हटलं, गेलं. मार्लिसचं नाव गेलं, आणि तेही माझ्याच हाताने.

डेलबर्टने कॅमेरा माझ्या हातून घेतला. त्याचे डोळे भरले होते, थंडीने असेल.

"हा माझा फोटो आहे," तो कुजबुजला.

ट्वायला त्याच्याकडे वळली. "काय म्हणालास?"

"मी पाहिला ना तो. हा तर नाक पुसत होता. मी सांगितलं नसतं तर निघाला असता का हा? तूच सांग."

"नसता निघाला," ट्वायला म्हणाली. "बटण कोणी दाबलं?"

डेलबर्टने कॅमेऱ्याकडे पाहिलं, माझ्या बोटाकडे पाहिलं, मग भोकातून नदीकडे पाहिलं. स्वतःच्याच मोजणीत आपला तुकडा शेजाऱ्याचा निघाला, असं एखाद्याचं तोंड व्हावं तसं त्याचं झालं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. अंधार पडून पक्षी स्थिर होईपर्यंत तिथून हलता येत नाही, त्यामुळे पुढचा पाऊण तास आम्ही तिघं एकमेकांशेजारी न बोलता उभे होतो. इतकी लांब सभा मी अध्यक्ष म्हणून दुसरी चालवलेली नाही.

परतताना पिकअपमध्ये डेलबर्ट मध्ये बसला होता. हीटर सुरू झाल्यावर बऱ्याच वेळाने त्याने मला विचारलं, मार्लिस त्या दिवशी नेमकी किती वेळ थांबली होती. मी म्हटलं, चाळीस मिनिटं. एकच फोटो? एकच. त्यावर तो म्हणाला, की तिने त्याला शेवटच्या अकरा वर्षांत नऊ वेळा हरवलं आणि प्रत्येक वेळी त्याला वाटायचं की तिची लेन्स महाग आहे म्हणून.

मार्चच्या सभेत त्याने नवा सातवा नियम आणला. तीन पानं होती. फोटो त्याचा, ज्याने पाहिला, ठरवला आणि क्षण सांगितला. बटण हे साधन आहे, मग ते कोणाच्याही बोटाने, पंखाने किंवा विजेने दाबलं जावो. विरोधात एकच मत पडलं, ते त्याचंच, कारण दुसऱ्या पानावर एक स्वल्पविराम राहून गेला होता. नियम मंजूर झाला. फीत मी त्याला परत दिली. आपल्या क्रौंचांचा फोटो त्याने स्पर्धेत पाठवला नाही. नवा नियम मागच्या तारखेला लागू होत नाही, असं तो म्हणाला. मग मार्लिसच्या फोटोला कसा लागू होतो, असं विचारायला ट्वायलाने तोंड उघडलं होतं. मी तिला रोल दिला.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी आम्ही वाचनालयात फोटो लावले. डेलबर्टने पाणसळ आणली होती. मार्लिसची चौकट त्याने तीनदा सरळ केली आणि पाटी स्वतः चिकटवली. तिचं नाव, गावाचं नाव, वर्ष. माझं नाव कुठे नव्हतं. मी दोनदा तपासलं.

दुपारी लोक येऊ लागले. मी खुर्च्यांजवळ उभा होतो, ते माझं कामच आहे. एक बाई त्या फोटोसमोर बराच वेळ थांबल्या. मग वळून त्यांनी मला विचारलं, की यांना मी ओळखतो का. मी म्हटलं, माझी बायको.

"किती धीर लागला असेल त्यांना," त्या म्हणाल्या. "एवढ्या थंडीत."

"धीर तिला होता," मी म्हटलं. "थंडी मला वाजत होती."