कोरी चौकट

"म्हणजे तुम्ही स्क्रीन पाहिलीच नाही," मोठे डॉक्टर म्हणाले.

"पाहिली होती, साहेब. दोनदा." सिस्टर अडखळल्या. "निदान मला तसं वाटतंय."

"वाटतंय! सव्वीस वर्षं नोकरी झाली, आणि आता वाटण्यावर वॉर्ड चालवणार?"

परवा एका म्हाताऱ्याला न सोसणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिलं गेलं होतं. श्वास कोंडला, थोडक्यात वाचला. ते औषध त्याला सोसत नसल्याची नोंद संगणकात होती. मग सिस्टरांना ती दिसली कशी नाही?

याचं उत्तर कोपऱ्यात बसलेल्या प्रोग्रामरला सकाळीच सापडलं होतं. रुग्णाचं पान उघडलं की त्याचा प्रोग्राम आधी फक्त नाव-वय आणत असे. न सोसणारी औषधं वगैरे बाकीचं, पानावरच्या त्या-त्या चौकटीने मागितलं तरच. पान झटकन उघडतं म्हणून त्याचं कौतुकही झालं होतं. पण कधीकधी चौकट मागणी करी तोवर माहितीच्या साठ्याशी जोडलेला दुवा बंद झालेला असे, आणि पडद्यावर चूक झाल्याचा संदेश झळके. उद्घाटनाच्या घाईत त्याने दोन ओळी लिहिल्या: चूक आली तर यादी कोरी दाखव. चूक दिसेनाशी झाली. माहिती आणता न आलेला रुग्ण आणि कसलाच त्रास नसलेला रुग्ण तेव्हापासून पडद्यावर सारखेच दिसू लागले.

बैठक संपल्यावर साहेबांना एकट्यात सांगू, असं त्याने ठरवलं होतं.

"निष्काळजीपणा झाला, एवढं कबूल करा. इथे सही."

सिस्टरांनी सही केली. तेव्हा कुठे तो उठला. बोलताना त्याची नजर टेबलाच्या कडेवरून वर आली नाही.

"आणि हे आत्ता सांगताय?" डॉक्टरांनी तो कागद फाडला.

सिस्टर रागावल्या नाहीत. "लेक म्हणाली, आई, तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला असेल," त्या म्हणाल्या. "काल जाऊन तपासून आले हो मी."

संध्याकाळपर्यंत त्याने प्रोग्राम दुरुस्त केला, पन्नास वेळा पडताळला आणि सांगायला वॉर्डपाशी गेला. दाराबाहेरच त्याचे पाय थबकले. आत संगणकाचा पडदा चालू होता. प्रत्येकाची यादी पूर्ण, बिनचूक दिसत होती. सिस्टर त्याच्याकडे पाठ करून पहिल्या खाटेपाशी वाकल्या होत्या.

"आजोबा, कुठलं औषध सोसत नाही का तुम्हाला? नीट आठवून सांगा. घाई नाही."

मग दुसऱ्या खाटेपाशी. मग तिसऱ्या.