चार बोटं देवाची

बबडीनं नवा फ्रॉक डोक्यावरून ओढून काढला आणि पलंगावर भिरकावून दिला. खाली गुडघ्यांवर बसलेल्या आत्याच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तिला लगेच रागावता आलं नाही. एकेक टाचणी काढून तिनं डबीत ठेवली, तोवर राग निम्मा ओसरला होता.

"पूर्ण शिव," बबडी म्हणाली. "मागची चार बोटंसुद्धा. काही सोडायचं नाही."

"ती देवाची असतात गं."

"खोटं आहे ते. आजी खोटं बोलते."

आत्यानं पहिल्यांदा दाराकडे पाहिलं. पलीकडच्या खोलीत खिडकीपाशी आजी मटार सोलत बसली होती. तिला आताशा दिसायचं कमी, पण ऐकू नये ते बरोबर ऐकू यायचं. मटार सोलण्याचा आवाज थांबला नव्हता, एवढ्यावर आत्यानं समाधान मानलं.

सण दुसऱ्या दिवशी होता. भाऊ आणि वहिनी राहिलेल्या खरेदीला बाहेर पडले होते आणि मुलं आत्याच्या गळ्यात होती. आत्या एका औषधांच्या दुकानात काम करायची, पण सणाला दोन दिवस रजा टाकून यायची आणि भाचरांचे कपडे स्वतः शिवायची. शिवता शिवता सणाचा अर्थही सांगायची, अगदी तिच्या आईनं सांगितला तसा. बबडी आठ वर्षांची झाली होती आणि आजवर तिनं तो तोंड उघडं ठेवून ऐकला होता. पाच वर्षांचा ढब्बू अजूनही तसाच ऐकायचा.

झालं होतं ते असं. शाळेत धर्माच्या तासाला बाईंनी सणाचा अर्थ पाच ओळींत लिहायला सांगितला. बबडीनं लिहिलं, की या दिवशी नवे कपडे घालावेत, पण खालची दुमड मागच्या बाजूला चार बोटं न शिवता सोडावी, कारण माणसाचं काही ना काही राहूनच जातं आणि ते देव येऊन पुरं करतो. बाईंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बिचाऱ्या बाईंना वाटलं असावं, की गोड आहे. वर्ग मात्र हसून हसून लोळला. एका कार्ट्यानं विचारलं, तुमच्याकडे देव बटणंही लावून देतो का. तेव्हापासून आठवडाभर वर्गात तिचं नाव 'देवाची शिंपीण' पडलं होतं. बाईंनी खरा अर्थ फळ्यावर लिहून दिला आणि तिला तो तीनदा उतरवून काढावा लागला.

"काय होता खरा अर्थ?" आत्यानं विचारलं.

"तुम्हाला कशाला पाहिजे? तुमचा तुमच्याकडे आहे की."

मग बबडीनं जाहीर केलं, की उद्या ती आजीचा हात धरून प्रार्थनेला जाणार नाही आणि इथून पुढे आजीनं सांगितलेलं काहीही ऐकणार नाही. टेबलाखालून ढब्बूनं विचारलं, देवाकडे मशीन आहे की तो हातानं शिवतो.

आत्यानं फ्रॉक उचलून मांडीवर घेतला. बबडीचं तोंड फुगलेलं पाहून तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आपण या वयाच्या होतो तेव्हा आपल्यावर कुणी हसलं असतं तर, असं तिच्या मनात आलं.

तेव्हाचं त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक मशीन. आजी गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे शिवायची. सणाच्या आधी पंधरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नसे. खुर्चीवर कापड, पलंगावर कापड, आणि जेवताना ताटात हमखास एखादा दोरा. गिऱ्हाइकं आपापले कपडे घेऊन गेली, की शेवटच्या दिवशी घरच्या दोन पोरांची पाळी यायची. सणाच्या सकाळी आत्या आणि तिचा धाकटा भाऊ कपडे घालून उभे राहिले, की आजी मागे बसून ती उघडी चार बोटं मोजायची आणि म्हणायची, "ही देवाची." मग ती दोघं प्रार्थनाघरात अशा ऐटीत जायची, की विचारू नका. ज्यांच्या कपड्यांची दुमड पुरी शिवलेली असे, त्या पोरांची त्यांना मनापासून कीव यायची. बिचाऱ्यांच्या घरी देवाला काही कामच ठेवलेलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी जाग आली, की पहिली धाव खुंटीकडे. दुमड शिवलेली असायची. एका वर्षीसुद्धा देवानं खाडा केला नाही.

मोठं झाल्यावर आत्याला कळलं, की हे आईचंच काम. तिला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. उलट सणाच्या दमणुकीनंतरही उठून आई हे करायची, म्हणून तिला आई देवाहून थोडी वरचीच वाटायला लागली होती. म्हणून तर भाचरांसाठी तिनं ते तसंच चालू ठेवलं. सणाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून चार बोटं शिवायची आणि पुन्हा अंथरुणात शिरायचं.

मटार सोलण्याचा आवाज आता थांबला होता.

"बबडे, इकडे ये," आतून आजी म्हणाली. "आणि तूही ये गं."

बबडी पेटीकोटवरच गेली आणि आजीच्या हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर उभी राहिली. आजीनं मटारांचं भांडं बाजूला ठेवलं. ती काहीतरी सावरून सांगेल, म्हातारी माणसं सांगतात तसं देवाधर्माचं गोलगोल काही बोलेल, असं आत्याला वाटलं. पण आजी तशी नव्हती. शिवलेलं बिघडलं, तर ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची.

"खोटंच आहे ते," आजी म्हणाली. "एका वर्षी काम फार आलं होतं. तुझ्या आत्याचा फ्रॉक शेवटी घेतला आणि चार बोटं राहिली असताना मला मशीनवरच झोप लागली. डोळे उघडले तर प्रार्थनेची वेळ झालेली. शिंपिणीच्या पोरीचाच कपडा अर्धवट. लाज वाटली मला. ही विचारायला लागली, तर तोंडाला येईल ते सांगितलं. पुढच्या वर्षी पूर्ण शिवला, तर ही दोघं रडायला लागली, देवाची जागा ठेवली नाहीस म्हणून. मग काय करणार, ठेवायला लागले."

बबडीनं सगळं ऐकून घेतलं. कबुली मिळाल्यावर आणखी किती रागवायचं, हे तिला ठरवता येत नसावं.

"मग शिवायचं कोण?" तिनं विचारलं.

"तुझी आत्या. नऊ वर्षांची होती तेव्हा, नुकती सुई धरायला शिकली होती. माझी लाज राखली पोरीनं."

आत्याला वाटलं, आईचं वय झालं.

"आई, मी कुठे? तूच शिवायचीस."

"मी? सणाच्या संध्याकाळी अंथरुणाला पाठ टेकली, की मला दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावरच जाग यायची."

"पण तू टाके पाहिले असशील ना कधी?"

"मुद्दाम नाही पाहिले. वाकडे दिसले असते, तर मला उसवून पुन्हा घातल्याशिवाय राहवलं नसतं. पोरीला काय वाटलं असतं?"

म्हणजे दोघींपैकी कुणीच शिवलं नव्हतं. भावाचा प्रश्नच नव्हता. त्याला अजूनही सुईत दोरा ओवता येत नाही. आजीनं कपाटातला खालचा कप्पा उघडायला सांगितला. तिथं जुन्या चादरीत गुंडाळलेला एक पिवळा फ्रॉक होता, आत्याच्या दहाव्या वर्षाचा. आत्यानं तो आजीच्या मांडीवर ठेवला. आजीनं डोळ्यांजवळ नेला नाही. तिनं खालचा घेर उलटा केला आणि बोटं फिरवत निघाली. मशीनची टीप, मशीनची टीप, आणि मागे आल्यावर बोटं थांबली. तिनं तिथला दोरा नखानं जरासा उचलला. मग अंगठा दोन-तीनदा त्याच्यावरून ओढला.

"मेण आहे याला," ती म्हणाली.

आत्या वाकून पाहू लागली. टाके वाकडे नव्हते. एकसारखे होते, पण कपड्याचे नव्हते. जाड दोरा, आणि दर दोन टाक्यांनंतर एक घट्ट गाठ. पुस्तक बांधताना पानांचे गठ्ठे एकमेकांना शिवतात, तेव्हा मारतात ती गाठ. आत्याचे बाबा, म्हणजे मुलांचे आजोबा, चाळीस वर्षं छापखान्यात पुस्तकबांधणी करत होते. त्यांच्या हातची ती गाठ आत्यानं शाळेच्या प्रत्येक वहीत पाहिली होती.

आजोबा प्रार्थनाघराची पायरी कधी चढले नाहीत. देव ही रिकामटेकड्यांची करमणूक आहे, असं ते चहा पिता पिता सहज म्हणायचे. पोरांच्या डोक्यात हे चार बोटांचं खूळ भरू नकोस, म्हणून दर सणाला त्यांचं आणि आजीचं वाजायचं. भांडण असं नाही, पण भांडी जोरात ठेवली जायची. आत्याला ते स्पष्ट आठवत होतं. आणि तेच बाबा, सगळं घर झोपलेलं असताना, कामावरचा दोरा आणून तिच्या फ्रॉकला खाली बसून टाके घालत होते. इतकी वर्षं आपण आईची म्हणून बाबांचीच नक्कल करत आलो, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही.

"आजोबा होते?" बबडीनं हळूच विचारलं. "पण ते तर देवाला हसायचे ना?"

आजी टाक्यांवरून अंगठा फिरवत होती.

"सणाच्या दिवसांत मी त्यांच्याशी नीट बोलायचे नाही," ती म्हणाली. ती आत्याशी बोलत होती की स्वतःशी, ते कळत नव्हतं. "दर वर्षी प्रार्थनाघरात जाऊन बसले, की दुसरं काही मागितलं नाही. म्हणायचे, माझ्या नवऱ्याचे अपराध पोटात घाल, त्याला तुझी किंमत नाही. ते गेल्यावरसुद्धा तेच मागत आले. गेल्या वर्षीपर्यंत. आता उद्या तिथं जाऊन मी काय तोंडानं बसू?"

इतक्या वर्षांत आत्यानं मुलांना या दिवसाचा अर्थ किती वेळा सांगितला असेल, पण त्यातलं काहीच आता उपयोगाचं नव्हतं. ढब्बू दारात येऊन उभा राहिला आणि कुणी रडतंय हे पाहून परत गेला.

बबडी एक पाऊल पुढे आली. मग आणखी एक. ती आजीच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि बाई वर्गात बोलतात तशा आवाजात, शब्द सुटे सुटे करत बोलू लागली.

"आजी, ऐक. हा माफीचा दिवस असतो. दुसऱ्यासाठी मागायची नाही, आपली आपण मागायची. आपण ज्याच्याशी चुकीचं वागलो, त्याच्याकडे जाऊन सांगायचं, माझं चुकलं. आणि तो माणूस नसला, तर देवाजवळ सांगायचं. देव त्याला निरोप देतो."

"नक्की देतो?"

"मी तीनदा लिहिलंय."

आजीनं चाचपडत तिचा हात शोधला.

"परत सांग," ती म्हणाली. "जरा सावकाश सांग."