नाळेचं झाड

"अजून पुसतेच आहेस का, व्हेरोना?" शेजारच्या मास एग्बर्टने कुंपणापलीकडून विचारलं. त्याच्या हातात कोयता होता. "झाड तोडायला शनिवारपर्यंत थांबतो म्हणालो होतो. आज शनिवार."

व्हेरोनाने वळून पाहिलं नाही. साबणाच्या नि मिरचीच्या पाण्यात फडकं बुडवून ती संत्र्याचं एकेक पान पुसत होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पातेली घासलेले हात ते, पण ही काळी चिकट बुरशी काही त्यांना दाद देत नव्हती. पानांखाली रस शोषणारे पिठ्या ढेकूण कापसासारखे गच्च बसलेले. एग्बर्टच्या लिंबांवर ते चढले की त्याचं वर्ष बुडालंच, हे तिलाही कळत होतं. कळून करणार काय? या झाडाखाली तिच्या मुलाची, लेनीची नाळ पुरलेली. झाडाचं जे होईल तेच पोराचं होतं, असं डोंगरातली सगळी वस्ती मानायची.

लेनी जमैका सोडून कॅनडात मळ्यावर मजुरीला गेला होता. दर रविवारी फोन, आणि पहिला प्रश्न ठरलेला. "मम्मा, माझं झाड कसं आहे?" गेले दोन रविवार फोन नव्हता.

एग्बर्ट फाटक ढकलून आत आला आणि बादलीत डोकावला.

"हे मोठे पांढरे कुठले?"

"तेच तर माजलेले. ढेकणांत शिरून तुरुतुरु पळायचे. तीन दिवस वेचून वेचून चिरडतेय."

संत्र्याच्या बागेत चाळीस वर्षं काढलेल्या एग्बर्टने कोयता खाली टेकवला. "अगं बाई, ढेकूण कधी असा पळतो का? या लेडीबर्ड किड्याच्या अळ्या. ढेकणांना खातात, रूप तेवढं त्यांच्यासारखं. तू राखणदारच मारलेस."

व्हेरोना मटकन पायरीवर बसली. तीन दिवस, देवाचं नाव घेत, आपल्याच हातांनी. लेनीचा फोन का येत नाही ते आता समजलं, असं तिला वाटलं.

"आता तोडलेलंच बरं," एग्बर्ट हळू आवाजात म्हणाला.

ती उठली. खालच्या फांद्या वाकवून पाहिल्या, मग शिडी लावून वर चढली. पार आत, एका पानाखाली, एक पांढरी झिपरी अळी ढेकणांत तोंड खुपसून खात होती.

"आहे एक."

"एकटीने काय होणार?"

"लेनीला मी एकटीनेच वाढवलंय."

एग्बर्ट फाटकाकडे वळला. घरी जाऊन कोयता ठेवून आला, तो ग्रीसचा डबा नि चिंध्या घेऊन. "मुंग्यांना ढेकणांचा गोड रस लागतो, म्हणून त्या हिला हाकलतात. आधी त्यांची वाट बंद करू." खोडाला पट्टा बांधता बांधता तो पुटपुटला, "पुढच्या शनिवारपर्यंत. आणि ते मिरचीचं पाणी ओतून दे आधी."

तेवढ्यात तिच्या एप्रनच्या खिशात फोन वाजला. लेनीचा आवाज पार बसलेला होता.

"मम्मा, तापाने पडलो होतो. दवाखान्यात. माझं झाड..."

"झाडाचं राहू दे. तू जेवतोस का?"

"आजपासून. थोडं थोडं."

शिडीवरून उतरायचं तिला सुचलं नाही. एका हाताने फोन कानाशी धरून ती ऐकत राहिली. वारा सुटला होता. दुसऱ्या हाताने तिने ती अळीची फांदी हलू नये म्हणून धरून ठेवली.