मितालीची तिसरी तार

किन्हवलीजवळच्या पाड्यावर हळदीचा मांडव गच्च भरला होता, पण कुणी नाचत नव्हतं. सगळ्यांचे डोळे मितालीच्या इलेक्ट्रिक गिटारवर होते. देवीचं गाणं सुरू झालं की तिची पातळ तार तुटते, हे दोन मांडवांनी पाहिलं होतं. दुसऱ्या वेळी गाण्याआधी तारेवर लिंबू घासून डाकीण ‘उतरवणाऱ्या’ नवसूबाबाने बजावलं होतं, "तिसरी तुटली की वाजवणारीचा हात जाईल! मग गिटार माझ्या मठात ठेवावी लागेल."

मितालीच्या आईने, संजीवनीने, तिचा हात धरून ठेवला होता. "नको गो वाजवू. हात रायला पायजे."

"ओम् ह्रीं फट्, तारेतली डाकीण झट्!" बाबाने मागच्यासारखंच लिंबू तारेवर घासलं. "उतरवली! तरी तुटली तर देवीची मर्जी."

"म्हणजे दोन्हीकडून बाबाच जिंकला," वत्सलाबाई म्हणाल्या. शाळेतून निवृत्त झाल्या, तरी जिथे पोरं दिसतील तिथे त्या विज्ञान शिकवत. "मिताली, कापूस घे. तारेवरून हळू फिरव. घाई नाही."

कापूस सरसर गेला आणि ब्रिजजवळ, जिथे तार खाचेत टेकते तिथे, अडकला. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथेच.

"काय असेल गं?"

"चीर पडलीय, बाई. मी चढवली तेवा नव्हती."

"मग मधे तारेला कोण शिवलं?"

बाबा लिंबू झोळीत टाकू लागला. संजीवनीनेच त्याचं मनगट पकडलं. तिने लिंबू चिरलं, तशी सुरी कर्र वाजली. आत करवतीच्या पात्याचा तुकडा होता; त्याची धार सालीतून जेमतेम बाहेर आली होती.



"पण पयल्यांदा बाबा नव्हता," एक म्हातारा पुटपुटला. "तेवापन तुटली!"

"तेव्हा तार गंजलेली होती आणि ही खाच धारदार. तार तिथेच तुटते, एवढंच बाबाने हेरलं," खाचेवर बोट फिरवत बाई म्हणाल्या.

मितालीने चिरलेली तार काढून पॉलिश पेपरने खाच गुळगुळीत केली. योग्य जाडीची नवी तार घेतली. कुठेही मुरड पडू न देता खुंटीला तीन वेढे एकाखाली एक घातले. मग देवीचं गाणं सुरू केलं. सूर चढवायला तिने तार ओढली, तसे सगळे श्वास रोखून बसले.

तार टिकली.

"कधीतरी हीही तुटेल," बाई म्हणाल्या. "तार आहे ती. तेव्हा कुठे तुटली ते बघा. एकाच जागी तुटत असेल, तर त्या जागेला विचारा, बाबाला नको."

मघाशी हात धरून ठेवणाऱ्या संजीवनीने मितालीच्या पाठीवर थाप दिली. "पुन्यांदा वाजव गो," ती म्हणाली.